खताच्या गोदामाचे शटर आवाज करू लागले, तर दोष कुठे शोधाल?

उसाची मोठी बांधणी चालू होती. दौंड तालुक्यातल्या कॅनॉलच्या पट्ट्यातला सुरू लागणीचा प्लॉट, पॉवर टिलर बांधावर उभा, नत्राचा शेवटचा ४० टक्के हप्ता त्या दिवशी द्यायचा होता. किती पोती लागतील याचा हिशोब मी वहीच्या पानावर लिहून दिला होता. खत गोदामात होते. गोदामाचे शटर गुडघ्याएवढे वर गेले आणि तिथेच अडकले.

मालकांनी शटरच्या पट्ट्यांच्या खाचेत बोटे घातली आणि खांद्याचा जोर लावला. शटर हलले, पण वर न जाता धाडकन खाली आले. दोन बोटांची टोके पट्ट्यांत दबली. बांधणी राहिली बाजूला, आम्ही आधी दवाखाना गाठला. परत येताना गाडीत ते म्हणाले, "साहेब, दिवाळीपासनं वरडत हुतं ते. त्याल पाजत हुतो की आम्ही."

मी पिकांचा माणूस, शटरचा नाही. पण त्यानंतर शेतावर गेलो की पिकाबरोबर गोदामाचे शटरही एकदा वर-खाली करून बघायची सवय लागली. आपल्या भागात ट्रॅक्टरची शेड, खताचे गोदाम, गुऱ्हाळाची ढेपांची खोली, चौफुल्यावरचे किंवा पाटसचे कृषी सेवा केंद्र, सगळीकडे हेच लोखंडी गुंडाळी शटर असते. ते आवाज करायला लागले की बहुतेकजण एकच उपाय करतात, ट्रॅक्टरचे जळके ऑईल ओततात. तो उपाय का फसतो, खरा दोष कसा शोधायचा, त्यातले घरी काय करता येते आणि कशाला अजिबात हात लावू नये, ते या लेखात सांगतो.

शटरच्या आत काय असते

शटर म्हणजे पत्र्याच्या आडव्या पट्ट्यांची साखळी. प्रत्येक पट्टीची वरची-खालची कड वळवलेली असते आणि ती शेजारच्या पट्टीच्या कडेत अडकते. दोन्ही बाजूंना भिंतीवर लोखंडी चॅनल असतो, त्याला गाईड म्हणतात. पट्ट्यांची टोके या गाईडमधून वर-खाली सरकतात. पट्ट्या बाजूला सरकू नयेत म्हणून त्यांच्या टोकांना छोट्या क्लिपा रिबेट केलेल्या असतात. सगळ्यात खाली जाड पट्टी, तिला हँडल आणि कुलपाची कडी. वर पत्र्याच्या खोक्यात, म्हणजे हूडमध्ये, एक आडवा पाईप दोन ब्रॅकेटवर घट्ट बसवलेला असतो. पाईप फिरत नाही. त्यावर पुल्या फिरतात आणि पुल्यांच्या मधे स्प्रिंगा असतात. शटर खाली ओढले की स्प्रिंगांना पीळ बसतो. वर ढकलले की तो पीळ सुटतो आणि तुमच्या हाताला मदत करतो.

ही मदत किती मोठी असते, त्याचा हिशोब करा. १० फूट बाय १० फूट शटर, पत्रा १.२ मिलिमीटर जाडीचा. नुसत्या सपाट पत्र्याचे वजन धरले तरी ८७ किलो भरते. पट्ट्यांच्या कडा वळवलेल्या असतात म्हणजे पत्रा त्याहून जास्त लागतो, शिवाय खालची जाड पट्टी. एकूण वजन १०० किलोच्या वर जाते. घरातली बाई किंवा कॉलेजला जाणारा मुलगा हे शटर एका हाताने उचलतो, कारण जवळजवळ सगळे वजन स्प्रिंगांनी पेललेले असते. स्प्रिंग तुटली की ते वजन तुमच्या अंगावर येते.

मोबाईलवर गॅरेजच्या दाराचे परदेशी व्हिडिओ भरपूर दिसतात. त्यातले दार वेगळे असते. चार-पाच मोठ्या फळ्या बिजागऱ्यांनी जोडलेल्या, कडेला छोटी चाके, आणि दार छताखाली आडवे जाऊन थांबते. आपल्या शटरला ती चाकेही नसतात आणि बिजागऱ्याही नसतात. त्यामुळे "चाकांना स्प्रे मारा" हा सल्ला इथे निरुपयोगी आहे. स्प्रिंगबद्दलचा इशारा मात्र दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

आधी ऐका

पान पिवळे पडले की आपण लगेच यूरिया टाकत नाही. जुनी पाने आधी पिवळी पडली की नत्राकडे बघतो, शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की लोहाकडे. शटरचेही असेच आहे. आवाज कुठून येतो आणि कधी येतो, यावर दोष ठरतो. एकाने शटर सावकाश वर-खाली करायचे, दुसऱ्याने आधी डाव्या गाईडजवळ, मग उजव्या गाईडजवळ, मग वरच्या हूडकडे कान देऊन उभे राहायचे. शटरच्या बरोबर खाली कुणी उभे राहू नये.

खालपासून वरपर्यंत सारखी खरखर येत असेल तर गाईड कोरडे किंवा मातीने भरलेले आहे. दहापैकी सात-आठ ठिकाणी मला हेच सापडले.

ठरावीक जागी खट् आवाज येत असेल तर दोन शक्यता आहेत. गाईडला पोचा पडलेला असेल, म्हणजे ट्रॉलीचा किंवा टिलरचा धक्का लागलेला असेल, तर त्या जागेवरून जाणारी प्रत्येक पट्टी आवाज करते आणि खट्-खट्-खट् अशी माळच लागते. एखादीच पट्टी वाकलेली असेल तर आवाज एकदाच येतो, बहुधा ती पट्टी वरच्या गुंडाळीत शिरताना. संशयित जागेवर खडूने खूण करून पुन्हा एकदा शटर चालवले की दोन्हींतला फरक कळतो.

एकाच बाजूला घासल्याचा आवाज येतो आणि त्या बाजूच्या गाईडची आतली कड चकचकीत झालेली दिसते, तेव्हा पट्ट्या बाजूला सरकलेल्या असतात. टोकाच्या क्लिपा गळून पडल्या की असे होते. शटर खाली करून कडेकडेने बघा, एखाद-दुसरी पट्टी बाकीच्यांपेक्षा बाहेर आलेली दिसेल.

वरून, हूडमधून, कुईकुई आवाज येत असेल तर पुली किंवा बेअरिंगचे ग्रीस संपले आहे.

आणि वरून एकदाच मोठा "टण्" आवाज आला, त्यानंतर शटर जड झाले किंवा एका बाजूने तिरके वर जाऊ लागले, तर स्प्रिंग तुटली. तिथेच थांबा. लेखाच्या सुरुवातीला सांगितलेल्या गोदामात नेमके हेच झाले होते. दोनपैकी एक स्प्रिंग काही दिवस आधीच तुटलेली निघाली. शटर तिरके चढून गाईडमध्ये आवळत होते, आणि आवाज त्या आवळण्याचा होता. तेलाने स्प्रिंग जोडली जात नाही.

वाऱ्याने शटर खडखडते, ही तक्रार मार्च-एप्रिलच्या वावटळींत जास्त येते. त्यात बहुतेकदा गाईडचे भिंतीतले बोल्ट ढिले झालेले असतात. पान्याने आवळावेत. भिंतीतले प्लग निसटले असतील तर नवी भोके पाडून फास्टनर बसवून घ्यावेत. हे काम साधे आहे.

जळके ऑईल का नको

दौंड-शिरूर पर्जन्यछायेत येते. वर्षातले सात-आठ महिने हवेत धूळ असते, ऊसवाहतुकीच्या रस्त्यालगत तर फारच. गुऱ्हाळ जवळ असेल तर चिपाडाच्या राखेची काजळीही येते. गाईडमध्ये ऑईल ओतले की पहिला आठवडा आवाज बंद होतो. मग त्या ऑईलवर धूळ बसते, बारीक वाळू बसते, राख बसते आणि त्याचा काळा चिखल तयार होतो. हा चिखल पट्ट्यांची टोके घासून काढतो, तेही पॉलिश पेपरच्या सफाईने. पुढच्या वेळी आवाज जास्त येतो, आपण जास्त ऑईल ओततो. वर पट्ट्यांवरून ओघळलेले ऑईल उंबऱ्यापाशी ठेवलेल्या पोत्यांवर पडते. बियाणे असो वा धान्य, त्याला ते चालत नाही. कॅल्शियम अमोनियम नायट्रेट किंवा पोटॅशियम नायट्रेटसारखी नायट्रेटयुक्त खते तर तेलापासून आणि तेलकट चिंध्यांपासून लांबच ठेवायची असतात, कारण ती आग लागली की भडकवतात.

गाईडसाठी कोरडे वंगण हवे. त्याआधी सफाई. शटर पूर्ण वर करा आणि ते खाली येऊ नये म्हणून दोन्ही गाईडमध्ये, खालच्या पट्टीच्या लगेच खाली, लाकडाची पाचर किंवा क्लॅम्प घट्ट बसवा. नुसत्या स्प्रिंगच्या भरवशावर त्याखाली काम करू नका. काठीला फडके गुंडाळून ते थोड्या रॉकेलने किंवा डिझेलने ओले करा आणि गाईडच्या आतल्या तिन्ही बाजू पुसून काढा. वर्षानुवर्षांचा चिखल असेल तर आधी पत्र्याच्या पट्टीने खरवडावा लागेल. दोन-तीन फडकी जातात. खोली हवेशीर ठेवा, बिडी-सिगारेट लांब, आणि फडकी गोदामात टाकून जाऊ नका. मग अर्धा दिवस सुकू द्या.

सुकल्यावर गाईडच्या आतल्या बाजूंना साधी पांढरी मेणबत्ती वरून खालपर्यंत दाबून घासा. गमतीची वाटते, पण चालते, आणि मेणावर धूळ तेलाइतकी चिकटत नाही. हार्डवेअरच्या दुकानात ग्रॅफाईटची पावडर मिळते, तीही चांगली. सिलिकॉनचा स्प्रे मिळाला तर उत्तम, तो पट्ट्यांच्या जोडांवरही हलका मारता येतो. मग शटर सात-आठ वेळा वर-खाली करा. जो काळा भुगा पडेल तो झाडून घ्या.

ग्रीसची जागा फक्त वर आहे, पुली आणि बेअरिंगपाशी. शटर पूर्ण खाली घेऊन, कुलूप लावून, मग शिडीवर चढा. कुलूप यासाठी की हूड उघडल्यावर गुंडाळी फिरता कामा नये. बेअरिंगला निप्पल असेल तर ट्रॅक्टरची ग्रीस गनच वापरता येते, दोन-तीन पंप पुरेत. निप्पल नसेल तर पुली जिथे पाईपवर फिरते तिथे बोटाने थोडे ग्रीस लावा. हूडमध्ये चिमण्यांची घरटी आणि गांधीलमाशांची पोळी असतात, पत्रा काढण्याआधी काठीने ठोकून बघा. हे काम दोघांनी करायचे आहे, एक शिडी धरायला.

सरकलेली पट्टी जागेवर आणणे घरी जमते. शटर खाली असताना बाहेर आलेल्या टोकावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने हळूहळू आत ठोकायचे. पट्टी रांगेत आली की टोकाला नवी क्लिप रिबेट करून घ्यायची. क्लिप न लावता सोडली तर महिन्याभरात ती पुन्हा बाहेर येते. गाईडचा किरकोळ पोचा आतून लोखंडी पट्टी धरून, बाहेरून ठोकून सरळ होतो. पट्टी मधोमध वाकली असेल तर मात्र बदलावी लागते, आणि ती गुंडाळीतून काढावी लागत असल्याने शटर मिस्त्रीला बोलवावे.

शटर खाली सडते ते खतामुळे

आता माझ्या विषयाकडे येतो. किराणा दुकानाचे शटर वीस वर्षे चालते आणि खताच्या गोदामाचे आठ वर्षांत खालून कुजते. पत्रा तोच, पाऊस तोच. फरक आतल्या मालाचा आहे.

खते हवेतला ओलावा ओढतात. प्रत्येकाची मर्यादा वेगळी. ३० अंश तापमानाला यूरिया साधारण ७३ ते ७५ टक्के आर्द्रतेला पाणी ओढू लागतो. कॅल्शियम नायट्रेट ५० टक्क्यांच्या आतच ओलावते, म्हणून फुटलेली बॅग चार दिवसांत चिकट होते. पोटॅश, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश, ८० टक्क्यांच्या पुढे ओढतो, पण त्यात क्लोराईड असते आणि क्लोराईड लोखंडाला सगळ्यात वाईट. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये थोडे मोकळे आम्ल असते. अमोनियम सल्फेटसारखी अमोनियमयुक्त खते गॅल्व्हनाईज्ड पत्र्यावरचा जस्ताचा थर खातात, त्यामुळे "जीआयचे शटर आहे, गंजणार नाही" हे गोदामात खरे ठरत नाही. कुलूप पितळेचे असेल तर अमोनियाने पितळाला बारीक चिरा जातात.

पोते ओढताना सांडलेला दाणा उंबऱ्यावर पडतो. झाडू शटरपर्यंत येऊन थांबतो, आणि सगळा केर गाईडच्या तळाशी जमतो. पावसाळ्यात, आपल्याकडे विशेषतः सप्टेंबरमध्ये, तिथे खताचे दाट पाणी तयार होते आणि खालची पट्टी त्यात उभी राहते. बोर्डो मिश्रण आपण लोखंडी बादलीत करत नाही, कारण मोरचूद लोखंड खातो, हे प्रत्येक द्राक्षबागायतदाराला माहीत आहे. तोच मोरचुदाचा पुडा गोदामात शटरला टेकून ठेवलेला मी पाहिला आहे.

खालची पट्टी गंजून फुगली की ती गाईडमध्ये घासते. आवाज तळाच्या दीड-दोन फुटांतच येतो आणि वर गेल्यावर बंद होतो. हा आवाज ऐकलात तर वंगणाच्या आधी खराटा घ्या. गाईडचा तळ खुरप्याच्या टोकाने मोकळा करा. साचलेले खत कोरडेच काढायचे, धुवायचे नाही. ते निघाल्यावर मग ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करा. गंज तारेच्या ब्रशने काढून रेड ऑक्साईड प्रायमरचा हात आणि त्यावर ऑईल पेंट. पेंट पातळ लावावा. पट्ट्यांच्या जोडात पेंट भरला तर जोड आखडतो आणि शटर गुंडाळताना कडकड वाजते. दिवाळीला रंगवलेले शटर आवाज करते ते यामुळेच.

पोती शटरपासून निदान दोन फूट आत, लाकडी फळ्यांवर किंवा पॅलेटवर ठेवा. भिंतीपासूनही थोडे अंतर असू द्या. उंबरा बाहेरच्या जमिनीपेक्षा उंच आणि बाहेरच्या बाजूला उतार असलेला करून घेतला तर निम्मे दुखणे जाते. नवे गोदाम बांधत असाल तर हा उतार गवंड्याला पहिल्याच दिवशी सांगा, नंतर कुणी करत नाही. खालच्या पट्टीला रबराची पट्टी बसवून मिळते. ती लावली की लोखंड सिमेंटवर आपटण्याचा आवाज जातो आणि उंदरांचीही वाट बंद होते. करंगळीएवढी फट उंदराच्या पिलाला पुरते.

स्प्रिंगला हात लावू नका

स्प्रिंग ठीक आहे की नाही हे मात्र तुम्ही स्वतः तपासू शकता. शटर हँडलला धरून कमरेएवढे वर न्या आणि हात सैल करा, पण हँडलजवळच ठेवा. चांगले शटर तिथेच थांबते किंवा अगदी सावकाश सरकते. झपकन खाली येऊ लागले तर स्प्रिंग थकली आहे किंवा तुटली आहे. हातातून निसटून वर पळत असेल तर ताण जास्त दिला आहे, आणि ते तितकेच धोक्याचे, कारण वर आदळून पट्ट्या गाईडमधून निघू शकतात.

यापुढचे काम शटर मिस्त्रीचे. ताण कमी-जास्त करायचा म्हणजे ब्रॅकेटवरचा पाईपचा क्लॅम्प ढिला करून पाईप पाईप-पान्याने फिरवायचा. क्लॅम्प ढिला झाल्याक्षणी स्प्रिंगचा सगळा पीळ त्या पान्यात येतो. हात निसटला तर पाना गरकन फिरतो आणि समोर असेल त्याला लागतो, मनगट असो वा जबडा. शटर पूर्ण उघडे असतानाही स्प्रिंगमध्ये ताण उरलेला असतो, त्यामुळे "वर केले की मोकळी होते" हा समज चुकीचा आहे. गावातला वेल्डिंगवाला कितीही हुशार असला तरी त्याने शटरच्या स्प्रिंगा आधी बदलल्या आहेत का, हे विचारा. दोनपैकी एक तुटली असेल तर दोन्ही एकदमच बदलून घ्या. जुनी आणि नवी स्प्रिंग सारखा जोर देत नाहीत, आणि शटर पुन्हा तिरके चालते.

मिस्त्री येईपर्यंत काय करायचे? शटर खाली असेल तर खालीच राहू द्या, दुसरे दार असेल तर ते वापरा. दुसरे दार नाही आणि खत काढायलाच हवे, तर चार माणसांनी खालच्या जाड पट्टीला धरून ते वर न्यायचे आणि दोन्ही गाईडच्या कडेला मजबूत लाकडी टेकू उभे करायचे. जॅकचाही आधार चालतो. टेकू लागल्याशिवाय कुणीही वाकून आत जाऊ नये. उचलताना बोटे कायम हँडलवर किंवा खालच्या पट्टीवर, पट्ट्यांच्या खाचेत कधीच नाही. शटर सरकताना त्या खाचा मिटतात. लहान मुलांना शटरला लोंबकळायची हौस असते, त्यांना हे बोट दाखवून सांगा.

मूळ दोष कधी कधी आकाराचा असतो. हाताने ढकलायचे शटर साधारण १० चौरस मीटरपर्यंत ठीक. ट्रॅक्टर ट्रॉलीसह आत जावा म्हणून आपण १२ बाय १० फूट करतो, म्हणजे ११ चौरस मीटरच्या वर, आणि खर्च वाचवायला साखळी-गिअर लावत नाही. असे शटर पहिल्या दिवसापासून जड असते, आणि जड म्हणून स्प्रिंगला जादा ताण देतात, आणि ती लवकर तुटते. नवे शटर घेताना कोटेशनवर पत्र्याची जाडी गेजमध्ये नको, मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. १८ गेज म्हणजे साधारण १.२ आणि २० गेज म्हणजे ०.९ मिलिमीटर, पण तोंडी सांगितलेले गेज आणि बसवलेला पत्रा यांत फरक पडतो. शटरसाठी आयएस ६२४८ हे भारतीय मानक आहे, त्याचा उल्लेख कोटेशनवर मागायला हरकत नाही.

मोटारीचे शटर, आणि वेल्डिंगची एक गोष्ट

मोटारीची शटरे आता कृषी सेवा केंद्रांत दिसतात. त्यांचे गाईड आणि पट्ट्या यांची निगा वरच्यासारखीच. अडथळा आला की थांबणारी किंवा उलटी फिरणारी यंत्रणा त्यात आहे का, हे घेतानाच विचारा. अमेरिकेत घरगुती गॅरेजच्या मोटारींना ती १९९३ पासून सक्तीची आहे, कारण मुले दाराखाली सापडत होती. सफाई करताना मोटारीचा एमसीबी पाडून ठेवा. वीज गेल्यावर चालवायची हाताची साखळी महिन्यातून एकदा चालवून बघा, नाहीतर नेमकी गरजेला ती गंजलेली निघते. धान्याच्या गोदामात परवानाधारकाकडून धुरीकरण करून घेत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. त्यातला फॉस्फिन वायू तांबे खातो, म्हणून मोटारीचा कंट्रोल बॉक्स धुरीच्या खोलीबाहेर असावा.

खालची पट्टी बदलायला वेल्डिंगवाला येणार असेल त्याच्या आदल्या दिवशी शटरजवळचा माल हलवा. बारदान, रिकाम्या प्लॅस्टिकच्या गोण्या, गंधकाच्या बॅगा आणि नायट्रेटची खते दुसऱ्या खोलीत. गंधक ठिणगीने सहज पेटते आणि त्याचा धूर श्वास कोंडतो. ग्राइंडरच्या ठिणग्या वीस-पंचवीस फुटांवर सहज जातात. जीआयचा पत्रा वेल्ड होताना निघणाऱ्या पांढऱ्या धुरानेही ताप-थंडी येते, म्हणून दोन्हीकडची दारे उघडी ठेवा, आणि काम संपल्यावर अर्धा-पाऊण तास कुणीतरी तिथे थांबा.

वर्षातून दोनदा हे सगळे करायला एक सकाळ पुरते. मेअखेरीस, खरिपाचे खत आत येण्याआधी गोदाम रिकामे असते तेव्हा एकदा. आणि ऑक्टोबरमध्ये पाऊस उघडल्यावर, गुऱ्हाळे आणि कारखाने पेटण्याआधी दुसऱ्यांदा. गाईडच्या शेजारी भिंतीवर तारीख खडूने लिहून ठेवा, म्हणजे "मागे कधी केले होते" यावर घरात वाद होत नाहीत. सहायक कृषी अधिकाऱ्यांनी गोदामाला भेट दिली तर खताचा साठा बघताना त्या तारखेवरही नजर टाकावी, आणि शटर एकदा कमरेएवढे उचलून हात सैल करून पाहावे.